वस्तरा हाती घेण्याआधी

मराठीत ‘बिनपाण्याने हजामत करणे’ असा वाक्प्रचार आहे. चारचौघांत एखाद्याची खरडपट्टी काढणे, हा त्याचा अर्थ आपण शाळेत पाठ केला आणि पुढे गेलो. पण तो ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला तो न्हाव्यासमोर मांडी घालून बसलेला असणार, असं मला नेहमी वाटतं. त्यात अपमानापेक्षा गालाचा अनुभव जास्त आहे. दाढीचा कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटं पाण्यात मुरला की तो फुगतो, मऊ पडतो आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. वस्तऱ्याचा पहिला धडा असा भाषेनंच आपल्याला फुकट देऊन ठेवला आहे: आधी पाणी, मग पातं.

पुढची पानं स्वतःची दाढी स्वतः वस्तऱ्यानं करायची हौस असलेल्यांसाठी आहेत. अर्धं ब्लेड अडकवायचा सलूनमधला सांगाडा मला इथे अभिप्रेत नाही. पूर्वीचा, घडीचा, एकाच पोलादी पात्याचा वस्तरा, ज्याची धार संपली की फेकायचं काहीच नसतं, त्याबद्दल हे लिहिलं आहे. ही हौस असलेला माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता घेऊ? त्याच्या मोबाइलवर तीन-चार वस्तऱ्यांचे फोटो तयार असतात. मी त्याला उलट विचारतो, पट्टा कोणता घेणार? तो गप्प होतो. प्रस्तावना लांबली आहे ती या गप्पपणामुळे. दुकानातून आपण पोलाद आणतो, धार आणत नाही. धार घरी करायची असते, आणि ती रोज करायची असते.

आता थोडं शब्दांकडे. ‘वस्तरा’ फारसीतल्या ‘उस्तुरा’वरून आला. ‘हजामत’ हा मुळात अरबी शब्द, आणि त्याचा संबंध केसांशी नव्हे तर रक्ताशी आहे. तुंबडी लावून दूषित रक्त काढण्याच्या उपचाराला ‘हिजामा’ म्हणत. तो करणारा तो हज्जाम, आणि केस कापणाराही तोच, म्हणून नाव एका कामावरून दुसऱ्यावर सरकलं. संस्कृतात वस्तऱ्याला ‘क्षुर’ म्हणतात. आपलं ‘क्षौर’ त्यातून आलं आणि स्वयंपाकघरातली ‘सुरी’ही त्याच घराण्यातली. कठोपनिषदात ज्ञानाची वाट किती अवघड हे सांगायला याच क्षुराच्या धारेची उपमा आहे. म्हणजे या हत्याराची धार आपल्याकडे फार पूर्वीपासून चांगली ओळखीची होती.

ओळखीची होती, पण कोणाला? बारा बलुतेदारांत न्हावी होता आणि त्याच्या काखेत धोकटी होती. धोकटीत वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, धार लावायचा निसणा, चामड्याचा तुकडा, पाण्याची वाटी, आरसा. गावाची दाढी त्यातून होत होती आणि मोबदला सुगीला धान्यात मिळत होता. पोलाद कोणतं, दगड कोणता, कोणाच्या गालावर केस कुठे भोवरा घेतो, ही सगळी विद्या त्या धोकटीत राहिली. बाकीच्यांनी फक्त गाल पुढे केला. सेना महाराजांनी आपल्या अभंगात याच धंद्यातली हत्यारं परमार्थासाठी वापरली, हे वारकऱ्यांना ठाऊक आहे. उरलेल्या समाजानं मात्र ‘हजामत’ हा शब्द फजितीसाठी राखून ठेवला. एवढं बारीक हस्तकौशल्य, आणि भाषेनं त्याचं केलेलं हे चीज!

या वस्तऱ्याचा एक अंधारा भागही आहे. तो टाळून नुसतं साबणाच्या फेसाबद्दल लिहिणं मला जमणार नाही. विधवांचं केशवपन याच हत्यारानं होत असे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं तिथे ठरलं. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, गिरणी कामगारांचे पुढारी. सुधारकांचे लेख आणि व्याख्यानं त्याआधीही झाली होती. पण ज्याच्या हातात वस्तरा होता त्यानं तो खाली ठेवायचं ठरवणं ही वेगळीच गोष्ट होती. आपल्याकडच्या वस्तऱ्याच्या इतिहासातली ही मला सगळ्यात मोठी घटना वाटते.

तर, आपल्याकडे पुरुष स्वतःची दाढी स्वतः करू लागला तो बहुतेक करून सुटं ब्लेड आल्यावर. त्याआधी दाढी करून घ्यायची असे. युरोपात या दोन्हींच्या मध्ये एक टप्पा होऊन गेला. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःच्या गळ्याला स्वतः वस्तरा लावणाऱ्या माणसाचा. तो टप्पा आपण ओलांडून पुढे आलो. त्यामुळे या कामाचे शब्द मराठीत आहेत ते सगळे दुसऱ्याची दाढी करणाऱ्याचे. स्वतःची करणाऱ्याला ते जमवून घ्यावे लागतात, आणि पुढच्या प्रकरणांत मी तेच केलं आहे.

युरोपातही हे आपोआप झालं नाही, तिथेही आधी पुस्तक लिहावं लागलं. पॅरिसमधल्या झां-झाक पेरे नावाच्या कुशल कारागिरानं, ज्याचा धंदाच चाकू-कात्र्या-वस्तरे करण्याचा होता, १७६९ मध्ये ‘पोगोनोतोमी’ हे पुस्तक छापलं. स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला, असा त्याचा विषय. वस्तरा कसा पारखावा, दगड कसा वापरावा, पट्टा कसा ठेवावा, हे त्यात आहे. याच पेरेनं पात्याला आडोसा लावलेला वस्तराही काढला होता, म्हणजे पुढच्या ‘सेफ्टी रेझर’चा पणजोबा. वस्तरे विकणारा माणूसच गिऱ्हाइकाला सांगतो आहे की नुसता वस्तरा घेऊन भागणार नाही. अडीचशे वर्षं झाली, सांगणं तेच आहे.

पेरेच्या काळात चांगला वस्तरा शक्य झाला तो इंग्लंडातल्या एका घड्याळजीमुळे. शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन घड्याळाच्या स्प्रिंगसाठी चांगलं पोलाद मिळेना म्हणून हैराण होता. १७४० च्या सुमारास त्यानं मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतायची रीत बसवली. आतली घाण वर आली, पोलाद सगळीकडे एकसारखं झालं. वस्तऱ्याला हाच गुण हवा असतो. धारेच्या टोकाशी पातं मायक्रॉनच्या आतबाहेर येतं. तिथे पोलादात एखादा कण जरी राहिला तरी धारेला दात पडतो.

याच गोष्टीत पुढे मुंबई येते. दक्षिण हिंदुस्थानात बंद मुशीत करत असलेल्या पोलादाला इंग्रज ‘वुट्झ’ म्हणत. मुंबईत राहणारे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्सकडे पाठवले. दुसऱ्याच वर्षी जॉर्ज पिअर्सननं रॉयल सोसायटीसमोर त्यावर निबंध वाचला. लंडनमधला शस्त्रक्रियेची हत्यारं करणारा जेम्स स्टोडार्ट त्या पोलादाच्या प्रेमातच पडला. पुढे त्यानं मायकेल फॅरडेला बरोबर घेऊन या पोलादासारखं काही करता येईल का याचे प्रयोग केले. विजेच्या नावानं आपण ज्याला ओळखतो तो फॅरडे १८२० च्या आसपास पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून बघत होता. पोलादाच्या पाचशे भागांना एक भाग चांदी, हे त्यांतलं एक मिश्रण. नंतर शेफील्डच्या कितीतरी वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ अशी अक्षरं कोरलेली दिसू लागली. त्यांतल्या प्रत्येकात चांदी होती असं समजून भाव देऊ नका.

पुढे या धंद्याचं मुख्य गाव जर्मनीतलं सोलिंगेन झालं. वुपर नदीकाठच्या या गावाचं नाव इतकं खपू लागलं की बाहेरचे लोकही ते पात्यावर ठोकू लागले. १९३८ मध्ये जर्मनीनं कायदा करून ते नाव राखून ठेवलं. पात्याच्या शेपटीवर ‘सोलिंगेन’ का शोधायचं, ते यावरून कळेल. फ्रान्समध्ये तिएर, स्वीडनमध्ये एस्किलस्टुना ही अशीच गावं. आज नवा वस्तरा घेणाऱ्याच्या समोर प्रामुख्यानं सोलिंगेनचे डोवो, बोकर आणि तिएरचे तिएर-इसार हे येतात.

मग सुटं ब्लेड घेऊन किंग जिलेट आला. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षात त्याचे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर मागवले, आणि घरी परतलेल्या पोरांनी पुन्हा बापाचा वस्तरा हातात घेतला नाही. आपल्या सलूनमध्ये तो आणखी कितीतरी वर्षं टिकला. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा आढळली, काविळीची भीती होतीच, आणि हळूहळू प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड हा शिरस्ता पडला. तो योग्यच होता. त्यावरून निघालेला नियमही लक्षात ठेवा: आपला वस्तरा आपलाच. भावालाही द्यायचा नाही.

आता खरेदी.

वस्तऱ्याच्या पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. पाच-अष्टमांश म्हणजे जेमतेम १६ मिलिमीटर, सहा-अष्टमांश म्हणजे १९. नवख्यानं या दोन्हींपैकी एक घ्यावा. चार-अष्टमांशाचा फार हलका, हातात थरथरतो. सात किंवा आठचा दिसायला रुबाबदार, पण नाकाखाली शिरत नाही. टोक गोल असलेलं घ्या. चौकोनी टोकानं कल्ल्याची रेघ सुरेख निघते हे खरं, पण तेच टोक कानाच्या पाळीलाही तितक्याच सुरेखपणे लागतं.

पात्याच्या दोन्ही अंगांना आतून किती घासून काढलंय, यावर त्याचा स्वभाव ठरतो. जुनी पाचरीसारखी भरीव पाती जड असतात, ठाम चालतात, बोलत नाहीत. दोन्ही बाजूंनी खोलगट केलेलं पातं धारेकडे कागदासारखं पातळ होतं आणि केस कापताना चक्क वाजतं. हा आवाज मला या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते. धार ठीक, कोन ठीक, फेस ओला असेल तर कोरड्या पाचोळ्यावरून झाडू फिरवावा तसा बारीक, सलग आवाज येतो. कोन उघडा पडला की तो खरवडल्यासारखा होतो. फेस वाळला की चरचर येते. धार गेली की आवाज बसतो आणि हाताला ओढ लागते. आरशात जबड्याखालचं नीट दिसत नाही, पण ऐकू येतं. म्हणून नवख्यानं अर्ध्या किंवा पूर्ण खोलगट घडणीचं पातं घ्यावं, आणि दाढी करताना रेडिओ बंद ठेवावा.

पोलाद साधं कार्बनचं की स्टेनलेस, यावर रात्र रात्र वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत. साध्याला धार पटकन लागते, गंजही पटकन लागतो. स्टेनलेस धार लावून घ्यायला कुरकुर करतं, पण कोकणातल्या पावसाळ्यात मालकाला झोप लागू देतं. दोन्हींनी दाढी होते. पुढे चला.

मुठीवर पैसे घालवू नका. काळ्या प्लॅस्टिकच्या मुठीनं तुमचा गाल खरखरीत राहत नाही. जुन्या बाजारातल्या वस्तऱ्यांबद्दल मात्र थोडं सांगायला हवं, कारण मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असा एखादा मिळाला की माणसाचं डोकं फिरतं. पातं उजेडात तिरकं धरा. धारेजवळ खड्डे खाल्लेला गंज असेल तर परत ठेवा. पाठीवरचा गंज निघतो, धारेवरचा निघता निघता धार संपते. धारेची रेघ सरळ किंवा मध्ये किंचित फुगीर असावी. मध्ये आत गेलेली असेल तर ती गालावर दोन टोकांनी टेकते आणि मधला केस तसाच राहतो. पाठीची जाडी टोकापासून शेपटीपर्यंत सारखी आहे ना ते बघा. एका बाजूला घासून सपाट झालेली असेल तर आधीच्या मालकानं दगडावर अत्याचार केलेत. सेल्युलॉइडच्या जुन्या मुठी कधी कधी आतून कुजतात आणि त्यांच्या आंबट वाफेनं पातं गंजतं, तेव्हा वास घेऊन बघा. हस्तिदंती मुठीच्या भानगडीत पडू नका, भारतात हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे.

सगळ्यात सावध राहायचं ते फार स्वस्त, फार चकचकीत मालापासून. नवा, कोरीव मुठीचा, लाकडी डबीत, आणि किंमत हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाएवढी. तो वस्तऱ्यासारखा दिसतो एवढंच. आत मऊ पोखरट पोलाद असतं, धार लागली तरी एका गालापुरती राहते. आणि चांगल्या कारखान्याचा नवा वस्तरादेखील बऱ्याचदा दाढीच्या लायक धार घेऊन येत नाही. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा: दगडावर शेवटचा हात कोणी मारला? उत्तर गुळमुळीत आलं तर तो आधी जाणत्याकडून लावून घ्या. पहिल्या दाढीला गाल सोलला म्हणून वस्तरा कायमचा कपाटात गेला, अशा गोष्टींमध्ये निम्म्या वेळा दोष हाताचा नसून धारेचा असतो.

सुटं ब्लेड अडकवायच्या वस्तऱ्यावर आधी हात बसवावा का? स्वस्त पडतं, दगड-पट्टा लागत नाही, म्हणून बरेच जण तसं करतात. मला ते पोहायला शिकण्याआधी विहिरीत उडी मारण्यासारखं वाटतं. ते ब्लेड हलकं, ताठ आणि क्षमा न करणारं असतं. कोन जरा चुकला की लगेच रक्त. शिवाय त्यावर तुम्ही पट्टा शिकत नाही, आणि पट्टा हाच अर्धा अभ्यासक्रम आहे.

आता पट्ट्याची गोष्ट सांगायलाच हवी. माझी ती पाचवी की सहावी दाढी असेल. रविवार, हातात नवा पट्टा, आणि सिनेमात पाहिलेला सलूनवाल्याचा झपाटा डोक्यात. पातं पुढे जाताना पाठ पुढे आणि धार मागे हवी; टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरच उलटायचं, धारेवर नाही. मला हे सगळं तोंडपाठ होतं. चौथ्या फेरीला पातं धारेवर उलटलं आणि महागाचा पट्टा केळीच्या सालीसारखा अर्ध्यापर्यंत सुटला. तो कागदात गुंडाळून मी आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

“कापलात ना? सगळ्यांचा कापतो,” ते म्हणाले. “मी माझ्या वडलांचा कापला होता. तुम्ही निदान स्वतःचा कापलात, सर.”

मग त्यांनी खणातून तेलकट फडक्यात गुंडाळलेला जुना सोलिंगेनचा वस्तरा काढला, माझ्या फाटक्या पट्ट्याच्या धडक्या अर्ध्या भागावर अगदी सावकाश दहा हात मारले आणि मला म्हणाले, “घाई गिऱ्हाइकाला असते. पट्ट्याला नसते.”

तेव्हापासून मी नवख्याला सांगतो: पहिला पट्टा स्वस्तातला घ्या, तो कापला जाणारच आहे. रुंदी अडीच ते तीन इंच. एका अंगाला सुती किंवा तागाचं जाड कापड, दुसऱ्या अंगाला चामडं. झाडाच्या सालीनं कमावलेलं म्हशीचं चामडं छान चालतं. कोल्हापुरी चपलांचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते ज्यांच्या ओळखीचं आहे त्यांना हात लावल्यावर लगेच अंदाज येईल. पट्टा ताणून धरायचा, सैल सुटला की धार गोल होते. कापडावर वीस, चामड्यावर चाळीस ते साठ फेऱ्या, दाढीच्या आधी, रोज. जोर नाही, फक्त पात्याचं स्वतःचं वजन.

हे रोज का करायचं, याचं उत्तर गंमतीचं आहे. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, मग पोलाद बोथट का व्हावं? २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या जानलुका रोशोली, जेम ताशान वगैरे संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले आणि ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष छापला. धार नुसती झिजून गोल होत नाही. केस कापताना वाकतो, पात्याला तिरका भार देतो, आणि पोलादाच्या रचनेत जिथे आधीच असमानपणा असेल त्या जागी धारेचा टवका उडतो. हंट्समनला घड्याळाच्या स्प्रिंगमध्ये जी काळजी होती तीच, फक्त मायक्रॉनच्या मापात. पट्टा धारेच्या वाकलेल्या कडेला पुन्हा रांगेत आणतो, तिला पॉलिश करतो. उडालेला टवका भरून काढणं त्याच्या आवाक्यात नाही, त्यासाठी दगड.

दगडांवर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. १००० नंबरच्या दगडावर धारेचा उतार बसवतात, मग ४०००, ८०००, १२००० असं चढत जातात. निसर्गातलेही आहेत: बेल्जियमच्या आर्देनमधला पिवळसर कोटिक्यूल, ज्याच्यात गार्नेटचे बारीक कण असतात, जर्मनीतला थुरिंगियाचा, जपानात क्योटोजवळचे. एक गोष्ट मात्र आत्ताच बघून ठेवा, कारण ती समजली की वस्तऱ्याच्या आकाराबद्दल आदर वाटू लागतो. सुरीला धार लावताना कोन हातानं धरावा लागतो. वस्तऱ्यात तो पात्यातच बसवलेला आहे. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवायच्या. १६ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ पाच मिलिमीटर जाड असेल तर धारेचा कोन आपोआप सुमारे १८ अंश होतो. पाठ झिजते तशी धारही झिजते, आणि गुणोत्तर वर्षानुवर्षं सांभाळलं जातं. ज्या कोणी हा आकार ठरवला त्यानं भूमिती कागदावर केली नसेल, पण केली उत्तम. पहिले काही महिने दगड विकत घेऊ नका. रोज पट्टा नीट मारला तर बऱ्याच महिन्यांतून एकदाच दगड लागतो, तोवर जाणत्याकडे पाठवा.

बाकीचं सामान तुमच्या घरी कदाचित आहेच. एक बरा ब्रश, डुकराच्या केसाचा किंवा कृत्रिम धाग्याचा. बॅजरच्या केसांचा महाग ब्रश नंतर कधी. दाढीचा साबण, वडीतला किंवा नळीतला. डब्यातून फुस्स करून निघणारा तयार फेस मात्र नको. तो वाऱ्यानं फुगलेला असतो, त्यात पाणी कमी. फेस दह्यासारखा चकाकला पाहिजे, कोरडा ताठ उभा राहिला की अजून चार थेंब पाणी घाला. शेवटी तुरटीचा खडा. ओल्या गालावर तो फिरवला की बारीक कापांतलं रक्त थांबतं, आणि जिथे चुरचुरेल तिथे तुमचा कोन चुकला होता हे कळतं. इतका प्रामाणिक परीक्षक पंधरा-वीस रुपयांत दुसरा मिळणार नाही.

गंजाबद्दल. बाथरूममध्ये वस्तरा ठेवायचा नाही. दाढी झाली की पातं धुवायचं, मऊ कापडानं पाठीकडून धारेकडे पुसायचं, कोरड्या पट्ट्यावर दोन-चार हलके हात, आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. जून ते सप्टेंबर मुंबईत, चिपळूणला, गोव्यात हे एकही दिवस चुकवू नका. खोबरेल थंडीत गोठतं, ते केसांसाठी राहू द्या. आणि वस्तरा हातातून सुटला तर हात पुढे करू नका. पाय मागे घ्या, पडू द्या. पात्याला टवका उडेल, तो भरून निघतो.

पहिल्या आठवड्यात फक्त गाल. दोन्ही गाल झाले की उरलेली दाढी नेहमीच्या रेझरनं करा, त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्या आठवड्यात जबड्याची कड, मग गळा, हनुवटी आणि ओठावरची जागा सगळ्यात शेवटी. पातं गालाला जवळजवळ टेकवून पाठ जेमतेम तिच्या दीड जाडीएवढी उचलायची, म्हणजे सुमारे तीस अंश. मोकळ्या हातानं कातडी ताणायची. सलूनवाला ताणतो तेव्हा आपल्याला कळतही नाही, पण त्याची डावी बोटं उजव्या हाताएवढंच काम करत असतात. डाव्या गालाला डावा हात वापरावा का? वापरावा. पहिले पंधरा दिवस तो दुसऱ्याच कोणाचा तरी हात आहे असं वाटेल. आधी फक्त सुलट हात, केसाच्या वळणानं. सलूनमध्ये विचारतात ना, “उलटा मारू का?”, तो प्रश्न स्वतःला विचारायला निदान दोन महिने थांबा.

वेळ लागतो. पहिल्या दाढ्यांना अर्धा तास जाईल आणि चेहरा ब्लेडच्या दाढीपेक्षा वाईट दिसेल. शंभर दाढ्यांनंतर हात बसतो असं जुनी मंडळी म्हणतात. रोज केली तर साडेतीन महिने. पैसे वाचवण्यासाठी हे करू नका. पहिल्या वर्षात तरी वाचत नाहीत, उलट दगडांचं व्यसन लागलं तर घरात हिशेब मागितले जातात.

साडेतीन महिन्यांनी, माझ्या हिशेबानं शंभर पुऱ्या झाल्यावर, मी पुन्हा काकांच्या सलूनमध्ये गेलो. केस कापायचं निमित्त. मी काही बोललो नाही. त्यांनी खांद्यावर कापड टाकलं, अंगठा माझ्या गालावरून कानापासून हनुवटीपर्यंत एकदा उलटा फिरवला, आरशात माझ्याकडे बघितलं आणि कात्री उचलत म्हणाले, “डावीकडे जबड्याखाली राहिलंय. बसा, पुसून घेतो.”